नत्थूजींचं तोंड आणि पायलची परीक्षा

कोराडीत नत्थूजींचा आवाज ऐकला नाही असा माणूस सापडायचा नाही. वीज केंद्रात सगळी नोकरी काढलेल्या माणसाचा आवाज मोठा असणारच, कारण तिथे आधी यंत्रं बोलतात आणि माणसांना उरलेल्या जागेत बोलावं लागतं. पण नत्थूजींचा आवाज नुसता मोठा नव्हता, तो कामाचा होता. नोकरीची शेवटची बरीच वर्षं त्यांनी कंट्रोल रूममध्ये काढली, आणि तिथला कायदा असा, की एकाने सांगितलेलं दुसऱ्याने जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं. "पंप बंद" असं कोणी सांगितलं की समोरून "पंप बंद" असं आलं पाहिजे. नाही आलं तर सांगणाऱ्याने बटणाला हात लावायचा नाही. चुकीचं ऐकलं तर अर्ध्या विदर्भाचे पंखे थांबतील, म्हणून ही काळजी. याला ते लोक रिपीट देणं म्हणत. नत्थूजींसारखा खणखणीत रिपीट देणारा दुसरा नाही, असं त्यांचे साहेबसुद्धा निरोप समारंभात म्हणाले होते.

नोकरी संपली, वीज केंद्राच्या गेटाबाहेर निवृत्त लोकांच्या ओळीत घर झालं, पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. सून सरिता म्हणायची, "मामाजी, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करजा," की लगेच दिवाणखान्यातून "तीन शिट्ट्या, गॅस बंद" असा जबाब यायचा. भाजीवाल्याने टमाट्याचा भाव सांगितला की नत्थूजी तोच भाव त्याला परत ऐकवायचे. म्हाताऱ्याला भाव पटलेला दिसत नाही असं समजून तो बिचारा आपणहून थोडा खाली यायचा. नत्थूजींना आपण भाव पाडतो आहोत याचा पत्ताच नव्हता.

या खोडीचा सगळ्यात चांगला उपयोग केला तो त्यांच्या नातीने. पायल बीसीए झाली होती आणि सीताबर्डीत एका दुकानात प्रिंटर आणि कॅमेरे विकत होती. विकणं तिला जमायचं, पण तिचं मन त्या खोक्यांच्या आत होतं. हा कॅमेरा घरातलं चित्र फोनवर पाठवतो तरी कसा, हे गिऱ्हाईक विचारायचं नाही आणि तिला मात्र तेच सांगायचं असायचं. अशात शहरातल्या एका कंपनीने तिची मुलाखत घेतली. बँका आणि दवाखान्यांचं नेटवर्क सांभाळायचं काम होतं. मुलगी त्यांना पसंत पडली, पण अट एक होती. नेटवर्किंगचं सर्टिफिकेट हातात घेऊन एक मेला हजर व्हायचं. ते नसेल तर यादीतल्या पुढच्याला बोलावणार.

मग घरात अभ्यास सुरू झाला. संध्याकाळच्या बसने पायल यायची, तोंड धुवायची आणि खुर्ची ओढून आजोबांसमोर बसायची. इंटरनेटवरच्या प्रत्येक कामाला ठरलेला एक नंबर असतो, त्याला पोर्ट म्हणतात. असे ढीगभर नंबर पाठ करायचे होते. "पोर्ट त्रेपन्न, डीएनएस," पायल म्हणायची. "पोर्ट त्रेपन्न, डीएनएस," नत्थूजी म्हणायचे. "पोर्ट बावीस, एसएसएच." "पोर्ट बावीस, एसएसएच." पोरीने म्हटलेलं त्या खणखणीत आवाजात परत आलं की तिच्या डोक्यात पक्कं बसायचं. नत्थूजींना आधी त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण माणूस कुठवर कोरडा राहणार. डीएनएस म्हणजे नाव सांगितलं की नंबर काढून देणारा, असं पायलने सांगितल्यावर त्यांनी त्याला कामगारांची हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसातल्या बाबूच्या खुर्चीवर बसवून टाकलं. महिनाभरात तो सगळा पसारा त्यांच्या डोक्यात एक छोटं वीज केंद्र होऊन बसला, आणि रात्री जेवताना ते मुलाला, संघपालला, नेटवर्कच्या चार गोष्टी सांगू लागले. संघपाल त्याच वीज केंद्रात शिफ्टला होता. तो मान हलवायचा आणि भाकरी मोडायचा.

सीताबर्डीच्या परीक्षा केंद्रावर मे महिन्याआधीची तारीख नव्हती, म्हणून परीक्षा घरूनच द्यायची ठरली. आपलाच लॅपटॉप, आपलीच खोली, आणि कुठल्या तरी लांबच्या शहरात बसलेला एक देखरेख करणारा माणूस कॅमेऱ्यातून बघणार. नियम कडक होते. खोलीत दुसरं कोणी नको, टेबलावर काही नको, फोन बाहेर. आणि बोलायचं नाही. प्रश्न मोठ्याने वाचायचा नाही, ओठसुद्धा हलवायचे नाहीत. पायलने सगळ्यांना बसवून हे सांगितलं. "खोलीत कोणी नाही, आवाज नाही," नत्थूजींनी रिपीट दिला. पण नियम परत म्हणून दाखवणं वेगळं आणि तो अंगात मुरणं वेगळं.

परीक्षेच्या दिवशी नत्थूजी बंद दाराबाहेर खुर्ची टाकून बसले, पहाऱ्यावर. कोणी आत जाऊ नये म्हणून. आत कूलर घरघरत होता. पहिला अर्धा वेळ बरा गेला. मग एक अवघड प्रश्न आला आणि पायल सवयीने पुटपुटली. पडद्यावर समज आली, बोलू नका. ती सावरली. पण थोड्या वेळाने दुसरा तसाच प्रश्न आला, पोरगी गोंधळली, आणि तिच्या तोंडून जरा मोठ्यानेच निघून गेलं, "पोर्ट चारशे त्रेचाळीस..."

दाराबाहेरून उत्तर आलं. कंट्रोल रूमच्या आवाजात, कूलरला मागे टाकून, स्पष्ट. "पोर्ट चारशे त्रेचाळीस, एचटीटीपीएस."

रिपीट देताना आपल्या पदरचं काही घालायचं नसतं. नत्थूजींनी जन्मभर पाळलेला हा नियम नेमका त्या दिवशी मोडला, आणि घातलेलं उत्तर अगदी बरोबर होतं, हे त्याहून वाईट. देखरेख करणाऱ्याला दारामागचा गुरुजी सापडला. परीक्षा तिथेच बंद झाली.

पायल बाहेर आली तेव्हा ती चिडलीसुद्धा नाही. ओसरीच्या पायरीवर बसून चप्पल उगाच सरळ-उलटी करत राहिली. नत्थूजींनी आपण काय केलं ते सरिताकडून ऐकलं आणि ते खुर्चीतच बसून राहिले. नातीचं भलं करायला बसलेला माणूस तिचं वाटोळं करून उठला होता. त्या दिवशी त्यांनी कोणालाच रिपीट दिला नाही, आणि कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या हे कोणाला कळलं नाही.

पायल मात्र हातावर हात ठेवून बसणारी नव्हती. तिने परीक्षा घेणाऱ्यांना लांबलचक मेल लिहिला. माझे आजोबा वीज केंद्रातून निवृत्त झाले आहेत, तिथे ऐकलेलं परत म्हणायची पद्धत आहे, त्यांनी मला उत्तर सांगितलं नाही, त्यांना राहवलं नाही. असलं कारण त्या लोकांनी आजवर ऐकलं नसावं. खोटं बोलणारा माणूस यापेक्षा बरं काही तरी रचतो, असा विचार करूनच बहुधा त्यांनी विश्वास ठेवला. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख दिली आणि खाली बजावलं, की पुन्हा असं झालं तर वर्षभर परीक्षेला बसता येणार नाही.

आता घराने ताकही फुंकून प्यायला सुरुवात केली. पायल गप्प राहून अभ्यास करू लागली. पण गप्प बसली की तिच्या डोक्यातला दिवाच मालवायचा. कालपर्यंत तोंडावर असलेले नंबर आज एकमेकांच्या जागी जाऊन बसायचे. सराव परीक्षेत मार्क उतरले. इकडे नत्थूजींचीही शाळा सुरू झाली. पायल समोर बसली की त्यांनी तोंड उघडायचं नाही. त्यांनी सुचवलं, की सुपारी-तंबाखूचा खर्रा तोंडात असला की माणूस आपोआप गप्प राहतो, तेव्हा तेवढ्यापुरता परत सुरू करावा. खर्रा सुटायला सरिताने किती भांडणं केली होती ते तिलाच ठाऊक. तिने त्यांच्या हातावर खडीसाखर ठेवली. ते ती चोखत बसायचे, आणि विरघळली की काही तरी बोलून जायचे.

दुसरी काळजी शेजारची होती. भिंतीपलीकडे गिरिधरजी राहत. ते आणि नत्थूजी एकाच वर्षी नोकरीला लागले, दोघेही क्रशर हाउसमध्ये, जिथे कोळशाचे धोंडे फुटतात. तिथे तोंड उघडलं तर आवाज बाहेर पडत नाही, धूळ तेवढी आत जाते. म्हणून तिथली माणसं हातांनी बोलत. नत्थूजी पुढे कंट्रोल रूममध्ये गेले, गिरिधरजी तिथेच राहिले आणि कान तिथेच सोडून घरी आले. आता त्यांच्याशी बोलणारा ओरडायचा आणि तेही ओरडूनच उत्तर द्यायचे. त्यांच्या घरात भाजी कोणती होणार हे रस्त्यावरच्या माणसाला कळायचं. त्यांची बायको ताराबाई सरिताला म्हणाली, परीक्षा होईपर्यंत मी यांना बोलू देत नाही. गिरिधरजींना कोणी तरी हे समजावून सांगितलं. मी कशाला बोलतो, असं त्यांनी विचारलं, आणि गेटावरच्या चहावाल्याने मान वर करून पाहिलं.

इन्व्हर्टरचाही विषय निघाला. एप्रिलमध्ये सगळ्यांचे कूलर सुरू होतात, तारांवर भार पडतो, लाइट जाऊ शकते, असं सरिताचं म्हणणं. नत्थूजींना तो अपमान वाटला. ज्या माणसाने गावोगावच्या घरांत वीज पाठवली, त्याच्या घरात इन्व्हर्टर ठेवायचा म्हणजे हलवायाने बाजारातून पेढे आणायचे. वीज केंद्राची चिमणी इथून दिसते, म्हणाले. बात संपली.

परीक्षा परवावर आली तशी सरिताने हळूच एक विषय काढला. भिवापूरला नत्थूजींची बहीण होती. वर्षाच्या तिखटाच्या मिरच्या तिच्याकडून यायच्या. तर मामाजींनी जाऊन घेऊन याव्यात, दोन दिवस राहावं, आत्याबाईंनाही बरं वाटेल. सरिता मनाने वाईट नव्हती, आणि मिरच्या खरोखरच आणायच्या होत्या. पण नत्थूजी काही कुक्कुलं बाळ नव्हते. त्यांनी "भिवापूर, मिरच्या" एवढंच म्हटलं आणि पिशवीत धोतर घातलं. पोरीच्या वाटेतला दगड आपण आहोत, तर दगडाने स्वतः उठून बाजूला व्हावं, हेच बरं.

पायल बसमधून उतरली तेव्हा ते पिशवी घेऊन ओसरीवर उभे होते.

"आबा, कुठी चालले?"

"भिवापूरले. मिरच्या आणाले."

"आजच काहून?"

नत्थूजींनी सरळ सांगून टाकलं, कारण आडवळणाने बोलायची त्यांना कधी सवयच नव्हती. "मी घरी असलो तं तुयं नुकसान होते, पायल. माया तोंडाचा भरवसा नाही."

पायलने त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि पायरीवर ठेवली. मग ती जे बोलली ते तिच्याही मनात आधी नीट उमटलेलं नसावं, कारण थांबत थांबत बोलली. "तुम्ही गेले तं मी कोणाले सांगू? मनातल्या मनात म्हणा म्हणते सगळे. पण मनात म्हटलं तरी कोणाले तरी म्हणा लागते ना, आबा. समोर कोणी नसलं की माया डोक्यातून सारंच निघून जाते."

नत्थूजी पिशवीशेजारी पायरीवर बसले.

"तू आतून मनात म्हण," ते म्हणाले. "मी बाहेर बसून मनात रिपीट देतो."

"पण मी काय म्हणून राहिली थे तुम्हाले कसं समजन?"

"नाई समजन. पण मी देईन."

या व्यवहारात कोणालाही काही कळणार नव्हतं आणि कोणालाही काही ऐकू येणार नव्हतं, पण दोघांचंही त्यावर समाधान झालं. दुसऱ्या दिवशी पायल आतल्या खोलीत आणि नत्थूजी बाहेर, मधे बंद दार, दोघंही मुकी, असा अभ्यास झाला. सराव परीक्षेत मार्क परत चढले. सरिताने पिशवीतलं धोतर काढून घडी करून ठेवलं आणि भिवापूरचं नाव पुन्हा काढलं नाही.

परीक्षेचा दिवस उजाडला तो भाजून काढणारा. संघपालची सकाळची शिफ्ट होती. सरिताने दारावरची घंटा काढून ठेवली. ताराबाईंनी गिरिधरजींना ओसरीत पंख्याखाली बसवून हातात वर्तमानपत्र दिलं. पायलने कॅमेरा फिरवून खोलीच्या चारही भिंती त्या लांबच्या माणसाला दाखवल्या. त्याने कॅलेंडरच्या मागे काय आहे असं विचारलं. मागे भिंतच होती. दार बंद झालं, कूलरची घरघर सुरू राहिली, आणि नत्थूजी खुर्चीवर ताठ बसून मनातल्या मनात पोर्ट बावीसपासून सुरू झाले.

निम्म्याहून जास्त परीक्षा झाली असेल. आत कूलरचा आवाज बारीक झाला, पंख्याचं पातं दोनदा खडखडलं आणि बंद पडलं. दिवाणखान्यातला पंखाही थांबला. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोखालच्या फळीवर इंटरनेटचा राउटर ठेवला होता, कारण घरातल्या जपायच्या सगळ्या वस्तू तिथेच असत. त्याचे हिरवे दिवे विझले होते.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. वीज केंद्राच्या चिमणीच्या सावलीत, नत्थूजींच्या घरात, नातीच्या परीक्षेत लाइट गेली. लॅपटॉपला बॅटरी होती, पण इंटरनेट तुटलं होतं. काही मिनिटांत ते परत आलं नाही तर परीक्षा गेली, हे पायलने सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. फोनचं इंटरनेट द्यावं तर ते लॅपटॉपला जोडायला आत पायलला सांगावं लागणार, आणि सांगायचीच तर बंदी. त्यातून कूलर थांबल्यामुळे घर इतकं शांत झालं, की बाहेर चमचा पडला असता तरी आत ऐकू गेला असता. सरिता पदर तोंडावर दाबून उभी होती. नत्थूजींच्या तोंडातून "लाइट" हा शब्द दातांपर्यंत आला. त्यांनी तो गिळला.

आणि मग त्यांना खरं संकट आठवलं. लाइट गेली की नागपुरातली कुठलीही गल्ली एका आवाजात ओरडते, गेली! लहानथोर सगळे ओरडतात, जणू ओरडलं नाही तर ती गेल्याचं वीज मंडळाला कळणार नाही. नत्थूजी अनवाणी बाहेर धावले. ओळीतल्या घराघरांतून माणसं ओसरीवर आलीच होती, तोंडं उघडलीच होती, आणि समोर त्यांना दिसले नत्थूजी, दोन्ही हात वर करून रस्त्याच्या मधोमध उभे. उघडलेली तोंडं आवाज न करता मिटली. गल्लीच्या इतिहासात पहिल्यांदा लाइट न ओरडता गेली.

गिरिधरजींच्या ओसरीतला पंखा मात्र फिरत होता. नत्थूजींनी तो पाहिला आणि सगळं समजलं. एकच फेज गेली होती. गिरिधरचं घर दुसऱ्या फेजवर होतं. पण त्याला सांगायचं कसं? ओरडल्याशिवाय त्याला ऐकू येत नाही, आणि ओरडायचं नाही.

भिंतीजवळ जाऊन नत्थूजींनी हात हलवला. गिरिधरजींनी वर्तमानपत्र खाली केलं. नत्थूजींनी एक हात हवेत आडवा मारला, म्हणजे लाइन बंद. मग बोट गिरिधरजींच्या पंख्याकडे रोखलं, म्हणजे तुझी चालू. मग दोन्ही हातांनी हवेत दोर ओढला, म्हणजे तुझ्याकडून वायर ओढायची. क्रशर हाउस सोडून किती तरी वर्षं झाली होती, पण हात विसरले नव्हते. गिरिधरजी उठले ते जवान पोरासारखे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्याशी कोणी न ओरडता बोललं होतं आणि त्यांना शब्द न् शब्द कळला होता.

जयंतीच्या रोषणाईची लांब वायर नत्थूजींच्या ओसरीत गुंडाळून ठेवलेली होती, एका टोकाला पिन, दुसऱ्या टोकाला बोर्ड. पिन भिंतीवरून पलीकडे गेली. ताराबाईंनी ती झेलली, आणि तेवढ्यात त्यांना आठवलं, की आपला कुकर शिट्टीला आला आहे. त्या पिन नवऱ्याच्या हातात कोंबून आत पळाल्या आणि त्यांनी कसा तरी गॅस बंद केला. गिरिधरजींनी पिन खोचली, अंगठा वर केला. सरिताने बोर्ड खिडकीतून आत घेतला. नत्थूजींनी राउटरची पिन त्यात बसवली. दिवा लागला, आणि गेला. रोषणाईचा बोर्ड जुना होता, त्याची खाच ढिली झाली होती. नत्थूजींनी अंगठ्याने पिन दाबून धरली. दिवा लागला, आधी लाल, मग पिवळा. तो पिवळा फार वेळ पिवळाच राहिला. मग हिरवा झाला, लुकलुकला आणि स्थिर झाला.

आतून काहीच आवाज आला नाही. पोरगी परत जोडली गेली की नाही, ती रडते आहे की लिहिते आहे, काही कळायला मार्ग नव्हता. विचारता येत नव्हतं. नत्थूजी अंगठा न हलवता उभे राहिले. सरिताने खुणेने सांगितलं, मी धरते. त्यांनी मान हलवली. घाम नाकावरून गळत होता, अंगठा बधिर झाला होता, आणि ते मनातल्या मनात म्हणत होते, पोर्ट त्रेपन्न, डीएनएस, पोर्ट ऐंशी, एचटीटीपी, पोर्ट चारशे त्रेचाळीस. हे सगळं बरोबर आहे की नाही हे सांगणारं समोर कोणी नव्हतं. तरी ते एकामागून एक म्हणत राहिले, आणि संपलं की पुन्हा पहिल्यापासून.

लाइट काही आली नाही. गल्लीतली माणसं आपापल्या ओसरीवर गप्प उभी होती. कोणाला काय चाललं आहे हे पुरतं माहीत नव्हतं, पण नत्थूजी बोलत नाहीत म्हणजे गोष्ट साधी नाही, एवढं सगळ्यांना कळलं होतं. भिंतीपलीकडे गिरिधरजीही आपली पिन धरून उभे होते. त्यांच्याकडची खाच चांगली घट्ट होती, पण मित्र उभा आहे म्हटल्यावर त्यांना बसवेना.

दार उघडलं. पायल उंबऱ्यात उभी राहिली. केस कपाळाला चिकटलेले, ओढणी घामाने ओली. तिने खिडकीतून आलेली वायर पाहिली, पदर तोंडावर धरलेली आई पाहिली, आणि फोटोखाली भिंतीला टेकून पिन दाबून उभे असलेले आजोबा पाहिले. बोलावं की नाही हे कोणाला कळेना, म्हणून कोणीच बोललं नाही.

"झालं, आबा," ती म्हणाली. "सोडा आता. पास झाली मी, पडद्यावर आलं."

सरिता मटकन खाली बसली आणि हसायला लागली, का रडायला, ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं. नत्थूजींनी पिन सोडली नाही. पायलने जवळ जाऊन त्यांचा अंगठा आपल्या हाताने उचलला. त्यावर पिनेचा लाल वळ उमटला होता. ती तो चोळत राहिली.

"इंटरनेट तुटलं तवा मी हाक माराले तोंड उघडलं होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "मंग आयकलं तं बाहेर तुमचा आवाजच नाही. तवा मले समजलं, आबा कामाले लागले. मंग मी भ्यालीच नाही. चूप बसून राहिली."

नत्थूजींनी बोलायला तोंड उघडलं. किती तरी बोलायचं होतं. भिवापूरची पिशवी भरताना जे वाटलं होतं ते सांगायचं होतं, आणि आपण अडचण नाही हे कळल्यावर जे भरून आलं तेही. आता तोंडावर कोणाची बंदी नव्हती. पण गळ्यातून शब्द निघेना. डोळ्यांतून मात्र पाणी यायला लागलं आणि ते त्यांनी पुसलंही नाही. पलीकडून गिरिधरजी सगळ्या कोराडीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत होते, की पोरीचं काय झालं ते मला कोणी सांगेल का.

"राहू द्या, आबा," पायल म्हणाली. "आज राहू द्या. उद्या बोलजा."

आणि गिरिधरजींना सांगायला ती भिंतीकडे गेली.